आयर्लंडच्या सरकारी टीव्हीवर रोज संध्याकाळी चर्चची घंटा का वाजते? आणि ती बंद व्हायला नको का?

डब्लिनला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मलाही हा प्रश्न पडला होता. बातम्या बघाव्या म्हणून संध्याकाळी सहाला टीव्ही लावला, तर संथ घंटा वाजतेय आणि पडद्यावरची माणसं हातातलं काम थांबवून नुसती शांत बसलीयत. मला वाटलं, केबलवाल्याचा घोळ. मिनिटभराने बातम्या सुरू झाल्या. आरटीई म्हणजे इथली सरकारी वाहिनी; तिच्या त्या बातमीपत्राचं नावच 'सिक्स वन' आहे, कारण सहाचं पहिलं मिनिट घंटेचं.

ही अँजेलसची घंटा. येशू तुझ्या पोटी जन्मेल, हा गॅब्रिएल दूताने मरियेला दिलेला निरोप; त्याची ही कॅथलिक प्रार्थना, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी म्हणायची. तीन वचनं, प्रत्येकानंतर एकदा 'नमो मारिया' ही मरियेची प्रार्थना. घंटाही त्याच हिशेबाने वाजते: तीन, तीन, तीन आणि मग सलग नऊ, एकूण अठरा ठोके. वसईकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही.

रेडिओवर ती १५ ऑगस्ट १९५० पासून आहे. तारखेचा आपल्या स्वातंत्र्यदिनाशी संबंध नाही. तो मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि १९५० हे रोमने जाहीर केलेलं पवित्र वर्ष. कल्पना कुणा बिशपची नव्हती, टपाल-तार खात्याचे सचिव लिऑन ओ ब्रॉइन यांची होती. सरकारी बाबूच तो! आर्चबिशप मॅक्वेड यांनी मान्यता दिली आणि डब्लिनच्या प्रो-कॅथेड्रल या मुख्य कॅथलिक चर्चची घंटा देशभर ऐकू जाऊ लागली. टीव्ही आला तेव्हा १९६२ पासून तिथेही. त्या काळी राज्यघटनेतच कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं.

ते कलम १९७२ च्या सार्वमतात गेलं. पुढे २०१५ ला समलिंगी विवाह मंजूर झाला, २०१८ ला गर्भपातबंदी उठली. जनगणनेत कॅथलिक २०१६ ला ७८ टक्के होते, २०२२ ला ६९. घंटा मात्र चालूच. का? माझ्या मते खरी मेख २००९ मध्ये आहे. त्या वर्षी आरटीईने पडद्यावरून मरियेची धार्मिक चित्रं काढली आणि त्या जागी रोजच्या कामात क्षणभर थांबलेली साधी माणसं आणली. आवाज तोच ठेवला, चित्र बदललं. श्रद्धा असेल त्याने प्रार्थना म्हणावी, नसेल त्याने मिनिटभर श्वास घ्यावा.

इथे माझा थोडा वाद आहे. घंटेच्या बाजूने बोलणारे हल्ली सांगतात, "धर्माचं काही नाही हो, नुसतं शांततेचं मिनिट आहे." मग अठराच ठोके का? ती प्रार्थनाच आहे, तसं सरळ म्हणावं. मी हिंदू, टीव्ही लायसन्सचे वर्षाला १६० युरो मीही भरतो, आणि तरीही ती राहावी असं मला वाटतं. आषाढीला सह्याद्री वाहिनीवर विठ्ठलाची महापूजा थेट दाखवतात तेव्हा ती 'सांस्कृतिक कार्यक्रम' आहे असं आपण कुठे म्हणतो? पूजा ती पूजा. फरक इतकाच, की महापूजा वर्षातून एकदा आणि ही घंटा रोज. रोजच्याला उत्तर जास्त द्यावं लागतं, हे विरोधकांचं म्हणणं मला पटतं. इतर धर्मांना तसं मिनिट नाही, हेही खरंच.

पण धर्म प्रक्षेपणातून हटवायचा म्हटलं, की लोक घंटेकडेच बघतात; मला जास्त टोचलं ते वेगळंच. २०२३ च्या एप्रिलमध्ये आरटीईने २५२ लाँगवेव्ह हे लांबवर ऐकू जाणारं रेडिओ प्रक्षेपण बंद केलं. इंग्लंडात आयुष्य काढलेली कितीतरी म्हातारी आयरिश माणसं साध्या रेडिओवर त्याच लहरीवर रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायची. त्याला कुणी धर्मनिरपेक्षता म्हटलं नाही, खर्च म्हटलं.

राहता राहिली माझी पहिली घरमालकीण. चर्चचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं, मिस्सा सोडून तिला तीस वर्षं झाली होती. पण सहाला घंटा लागली की कपात चमचा फिरवायची थांबायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "सवय." आणि शेवटचा ठोका पडल्यावर पुन्हा ढवळायला लागली.