करवत नाही, पाइप चावतोय

प्रश्न : जालन्यात माझं सुतारकामाचं दुकान आहे. भुसा ओढायला करवतीला व्हॅक्यूमचा प्लास्टिक पाइप जोडला, तेव्हापासून हाताला चटके बसतात. परवा तर पोऱ्यानं चालू करवतच सोडली. मशीनमध्ये करंट उतरलाय का?

उत्तर : हात सतत झिणझिणत असेल तर आधी प्लग काढा, वायरमनला बोलवा. ‘चट्’ करून एकदाच बसत असेल तर ती स्थिर वीज. कोरडा भुसा पाइपला घासत पळतो, त्यातून ती साठते. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत जास्तच. मीही आधी रबरी चपलेवर भरवसा ठेवला होता. उपयोग शून्य! अँटिस्टॅटिक पाइप घ्या, म्हणजे साठणारी वीज जमिनीकडे वाहून नेणारा. पण व्हॅक्यूमचं तोंडही वीजवाहक हवं आणि तीन पिनी प्लगला खरंखुरं अर्थिंग हवं. आमचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडायचा. आता त्यात बादलीभर पाणी ओतूनच शटर उघडतो.