फर्स्ट-पार्टी डेटा, कुकी आयडी, यूझर आयडी, हॅश केलेला ईमेल: या शब्दांत नेमका फरक काय?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसले. "हॅश केलेला ईमेल म्हणजे निनावी डेटाच ना?" असं तुम्ही विचारलंय. (हॅश करणं म्हणजे ठरलेल्या गणिती पद्धतीने ईमेलची एक निरर्थक दिसणारी ओळ बनवणं; तोच ईमेल दिला की दरवेळी तीच ओळ येते.) नाही, अजिबात नाही. याच एका वाक्यावरून मी एका नोकरीत वर्षभर भांडले आहे.

तिथे ग्राहकांच्या मुख्य टेबलात एक कॉलम होता, 'अ‍ॅनॉनिमस आयडी'. आत काय, तर ईमेलचा एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीने केलेला हॅश, म्हणजे ६४ अक्षर-अंकांची ओळ. नाव वाचूनच सगळे निर्धास्त. ती फाइल एजन्सीकडे जायची, जाहिरातीच्या भागीदारांकडे जायची. ग्राहकाच्या संमतीचं काय, असं विचारलं की मार्केटिंगचे प्रमुख म्हणायचे, "अहो मॅडम, त्यात कुणाचं नावच नाही. आणि हॅश उलटा फिरवता येत नाही."

उलटा फिरवायची गरजच नसते, हे सांगून सांगून मी थकले. शेवटी एका मीटिंगमध्ये त्यांची परवानगी घेऊन त्यांचाच ईमेल सगळ्यांसमोर हॅश केला आणि आलेली ओळ टेबलात शोधली. एकच नोंद आली. त्यांनी काय खरेदी केलं, कुठला जाहिरातीचा ईमेल रात्री किती वाजता उघडला, कार्टमध्ये काय टाकून तसंच सोडलं, सगळं समोर. त्यांनी स्क्रीन बंद करायला लावली. तरी म्हणाले, "पण माझा ईमेल तुम्हाला आधीच माहीत होता."

मी गप्प बसले, याचं अजून वाईट वाटतं. कारण फाइल घेणाऱ्यांनाही तो माहीत होताच! त्यांच्याकडे ईमेलची यादी नसती, तर आमची फाइल त्यांनी जुळवली असती कशाशी? जुळवता यावं म्हणून पाठवायची आणि ओळखता येत नाही म्हणायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

याला शब्द आहे टोपणनावी डेटा, म्हणजे खऱ्या ओळखीच्या जागी दुसरी खूण लावलेला. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अशी खूण लावण्याची, म्हणजे 'सूडोनिमायझेशन'ची, वेगळी व्याख्या आहे, आणि जोडीची माहिती वापरून माणसापर्यंत पोहोचता येत असेल तर असा डेटा वैयक्तिकच धरला जातो. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या तंत्रज्ञांनीही हॅश म्हणजे निनावी नव्हे, असं २०१२ मध्ये लिहिलं आणि २०२४ मध्ये पुन्हा लिहिलं.

बाकीचे शब्द भरभर सांगते. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; तिच्यातल्या कुकी आयडीवरून ब्राउझर ओळखता येतो. जाहिरात आयडीवरून फोन ओळखता येतो. यूझर आयडीवरून खातं ओळखता येतं. नेमका माणूस मात्र यातल्या एकावरूनही थेट ओळखता येत नाही. एकच बाई फोनवर आणि लॅपटॉपवर आली की दोन कुकी आयडी, आणि घरातले तिघं एकाच लॉगिनने टॅब्लेट वापरत असतील तर तिघांचा मिळून एक यूझर आयडी. म्हणून 'युनिक यूझर'चा आकडा ग्राहकसंख्या म्हणून कुणी दाखवला की मी तिथेच हात वर करते.

फर्स्ट-पार्टी डेटा आणि फर्स्ट-पार्टी कुकी यांची तर सर्रास गल्लत होते. डेटाच्या बाबतीत 'फर्स्ट-पार्टी' म्हणजे तो ग्राहकाकडून थेट तुम्ही गोळा केलेला. कुकीच्या बाबतीत एवढंच, की ती तुमच्या डोमेनवर, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या पत्त्यावर, बसली आहे. तुमच्या साइटवर लावलेली दुसऱ्या कंपनीची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) तुमच्याच डोमेनवर कुकी बसवून त्यातला आयडी आपल्या सर्व्हरवर नेऊ शकते. कुकी फर्स्ट-पार्टी, माहिती मात्र बाहेर गेली.

हॅश करूच नका, असं माझं म्हणणं नाही. फाइल फुटली तर उघडे ईमेल बाहेर पडण्यापेक्षा हॅश केव्हाही बरे. फक्त हॅश करण्याआधी सगळी अक्षरं स्मॉल करा आणि मागची-पुढची स्पेस काढा, नाहीतर पहिलं अक्षर कॅपिटल असलेल्या त्याच ईमेलची पूर्ण वेगळी ओळ तयार होते आणि जुळणी फसते. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, माझ्यावर जाऊ नका.

पण तुमच्याकडेही असा कॉलम असेल तर त्याचं नाव आजच बदला. 'हॅश्ड ईमेल' म्हणा, जे आहे ते. मी नोकरी सोडली त्या दिवशीही आमच्या टेबलात तो 'अ‍ॅनॉनिमस आयडी'च होता.