दिवाणाखालचा मुक्काम

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेली साधारण आठ महिन्यांची मांजरी नसबंदीनंतर आम्ही घरीच ठेवून घेतली. आज अकरावा दिवस. दिवसभर ती दिवाणाखाली भिंतीला चिकटून असते, आम्ही झोपलो की येऊन खाते. हात पुढे केला की फिस्कारते. मुलगी रोज तिला ओढून काढते आणि मांडीवर घेऊन बसते. असंच केलं तर सवय होईल, असं तिचं म्हणणं आहे. – एक वाचक, खारघर

उत्तर : मुलीला आजपासूनच थांबवा. ओढून काढलं की मांजरीला एवढंच कळतं की हात आला म्हणजे पकडणार. उद्या ती आणखी आत सरकेल, परवा बोचकारेल. दिवाणाखालून कधी निघायचं हे तिलाच ठरवू द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पिल्लू माणसाळतं ते मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात माणसाचा हात लागला नसेल, तर मोठेपणी माणसाळायला कित्येक महिने लागतात, आणि काही मांजरं मांडीवर कधीच येत नाहीत. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन निवांत झोपली, तरी ती सुखात आहे असं समजा. मुलीला हे आत्ताच सांगा, म्हणजे तिचा हिरमोड होणार नाही.

सध्या सगळं घर तिच्यासाठी खुलं ठेवू नका. वर्दळ कमी असलेली एक खोली द्या. दिवाणाखालची जागा मात्र लगेच बंद करू नका, आधी तिला दुसरा आडोसा मिळू दे. सुमारे 45 बाय 35 सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि शेजारशेजारच्या दोन बाजूंना वीतभर रुंद दारं कापा. एकच दार असेल तर आत कोंडल्यासारखं होतं आणि ती त्यात पाऊल टाकत नाही. खोका कोपऱ्यात ठेवा, आत ती झोपते तेच फडकं घाला. ते धुवायची घाई करू नका, तिचा वास हीच तिची खूण. दुसरा खोका टेबलावर किंवा बुटक्या कपाटावर ठेवा. घाबरट मांजराला उंचावरून खोली न्याहाळता आली की ते लवकर सैलावतं.

शी-शूचा ट्रे मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानातले बरेचसे ट्रे यापेक्षा लहान असतात. त्यापेक्षा सामान ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा टब घेऊन एक बाजू खाली कापलेली बरी. लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची मांजरांची वाळू, चार-पाच सेंटिमीटर जाडीचं घाला. तिला पार्किंगच्या मातीची सवय आहे, म्हणून पहिला आठवडा त्यात कुंडीतली दोन मुठी कोरडी माती मिसळा. खाणं ट्रेपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी तर नकोच. मशीन एकदा का ऐन वेळी थरथरलं, की ती पुन्हा त्या ट्रेकडे फिरकत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दिवाणापासून सहा-सात फुटांवर जमिनीवर बसा. तिच्याकडे तोंड करून नाही, अंग तिरकं करून. पेपर हळू आवाजात वाचा, भाजी निवडा, काहीही करा, फक्त तिच्याकडे टक लावू नका. मांजरांच्या जगात टक लावणं ही धमकी असते. नजरानजर झालीच तर पापण्या सावकाश अर्ध्या मिटा, क्षणभर तशाच ठेवा, उघडा आणि मान वळवा. तिनेही पापण्या तशाच मिटल्या, तर तुमचं बोलणं पोचलं.

बसताना उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे जवळ ठेवा. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजरांना विषारी असतो. एक तुकडा दिवाणाच्या कडेशी हळूच सरकवा. तिने तुमच्यासमोर खाल्ला की पुढचा वीतभर अलीकडे, पण त्याच दिवशी नाही, दोन-तीन दिवसांनी. ती अडली तर पुन्हा मागे जा. रात्रभर भरलेली वाटी ठेवू नका, त्यापेक्षा दिवसातून तीन ठरलेल्या वेळा पाळा. पण उपाशी ठेवून वळण लावायचा विचार मनातही आणू नका. मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर पशुवैद्याला फोन करा. उपास लांबला की त्यांच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

वाकून आत पाहिलं तर कान आडवे पडलेले, बुबुळं भर उजेडातही काळीभोर आणि मिशा गालांना चिकटलेल्या दिसतील. असं असेल तर तिथून उठा. पुढचे पंजे छातीखाली घेऊन, कान पुढे करून बसली असेल तर बसून राहा. एखाद दिवशी शेपूट सरळ उभी करून येईल. तेव्हा एकच बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा. तिने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुन्हा घासते का ते पाहा. पोटाला हात लावायचा नाही, वरून डोक्यावर हात न्यायचा नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. मांजर जरा जवळ आलं की लोक लगेच उचलून घेतात आणि तीन आठवड्यांचं काम तीन सेकंदांत पाण्यात जातं.

दिवाणात जुन्या गाद्या-गोधड्या ठेवल्या असतील, तर डांबरगोळ्या आजच काढून टाका. ती दिवसभर त्या वाफांत बसते आहे आणि त्या विषारी असतात. फरशीला फिनाइलही नको. ते पंजांना लागतं, ती पंजे चाटते आणि फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. साधा साबण आणि पाणी पुरे.

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा बोका दहीहंडीच्या डीजेला आणि गणपतीच्या ढोल-ताशाला इतका घाबरतो की दोन-दोन दिवस माळ्यावरून उतरत नाही. झोपेची अर्धी गोळी दिली तर चालेल? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : माणसाची कुठलीही गोळी घरच्या घरी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. अशा दिवसांसाठी पशुवैद्य गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देतात, वजनाप्रमाणे, आवाज सुरू होण्याच्या सुमारे दोन तास आधी. सणाआधी एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन परिणाम पाहून ठेवा.

खरी तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करा. ढोलाचं रेकॉर्डिंग इतक्या बारीक आवाजात लावा की त्याचे कान वळतील, पण खाणं थांबणार नाही. रोज पाच मिनिटं, चिकन चालू असतानाच. चार-पाच दिवसांनी आवाज एक घर वाढवा. तो खाणं सोडून पळाला म्हणजे घाई झाली, आधीच्या आवाजावर परत या. मोबाइलच्या स्पीकरवर ढोलाचा ठेका नीट येत नाही, घरात मोठा स्पीकर असेल तर तोच घ्या.

त्या दिवशी रस्त्याकडची खिडकी नसलेली खोली द्या. खोका, पाणी आणि ट्रे आत, पंखा चालू. माळ्यावर जायचं असेल तर जाऊ द्या, फक्त वर ओळखीची चादर टाकून ठेवा. घरी गणपती बसत असेल तर दर्शनाला दार सताड उघडं असतं आणि घाबरलेलं मांजर नेमकं तेव्हाच निसटतं. त्या खोलीला बाहेरून कडी लावा आणि दारावर कागद चिकटवा, नाहीतर कुणी पाहुणा बाथरूम समजून उघडेल. खिडकीला कबुतरांची नायलॉनची जाळी असेल तर तिच्यावर भरवसा नको, ती मांजर दातांनी तोडू शकतं. बारीक स्टीलची जाळी हवी. मखराच्या झिरमिळ्या आणि रिबिनीही आवराव्यात. गिळलेला दोरा आतडी चिरतो. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तरी ओढू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिलिंग सुरू झाल्यापासून बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, पण शू थेंबभरच होते. भीतीमुळे असेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : भीतीमुळे सुरुवात झाली असेलही, पण आता त्याचा विचार करत बसू नका. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. हे वाचून होताच दवाखान्यात न्या, रविवार असला तरी.