मेपलचा क्यू की कार्बनचा?

प्रश्न : आम्ही मित्र संध्याकाळी पूलच्या टेबलावर एट-बॉल खेळतो. माझा दोन तुकड्यांचा, मेपल लाकडाचा क्यू (बॉल मारायची काठी) आहे. एकाने नुकताच कार्बन फायबर शाफ्टचा, म्हणजे पुढचा निमुळता तुकडा कार्बनचा असलेला, क्यू घेतला. त्याने साइड मारली, म्हणजे बॉलला फिरकी द्यायला मध्याच्या बाजूला फटका मारला, तरी बॉल नेम सोडत नाही, पण हाताला काही कळत नाही, आवाजही पोकळ येतो. माझ्या क्यूचा ठोका हाताला गोड लागतो. साइड मारली की मात्र पॉट हुकतो, बॉल खिशात जात नाही. पैसे साठवले आहेत. क्यू बदलू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पैसे तूर्त राहू द्या. म्हापशात क्यूंना टिपा (टोकाची कातड्याची टोपणं) बसवून देणं हे माझं काम, आणि हाच प्रश्न घेऊन बरीच मुलं येतात. तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत: बॉल कुठे जातो आणि हाताला काय लागतं. क्यू घेताना माणसं दुसरीवर भाळतात. मी म्हणेन, आधी पहिलीचा निकाल लावा.

उजवी साइड मारली की पांढरा बॉल नेमाच्या रेषेवरून थोडा डावीकडे सरकतो. टिप बॉलला टेकते ती जेमतेम एक हजारांश सेकंद. तेवढ्यात फिरू लागलेला बॉल शाफ्टचं टोक बाजूला लोटतो, आणि टोक जितकं जड तितका तो स्वतः उलट दिशेला जातो. म्हणून शाफ्टच्या पुढच्या काही इंचांचं वजन महत्त्वाचं. बटवरच्या, म्हणजे मागच्या जाड तुकड्यावरच्या, नक्षीचा आणि लिननच्या वेढ्याचा इथे काडीचा संबंध नाही. प्रेडेटर कंपनीचा 1990च्या दशकातला 314 शाफ्ट याच विचाराने केलेला: लाकडाचाच, पण टोकाशी आतून पोकळ. म्हणजे हलकं टोक हवं असेल तर ते मेपलमध्येही मिळतं. कार्बनमध्ये ते सहज साधतं, एवढंच.

घरचं टेबल नसलं तरी ही परीक्षा क्लबात करता येते. पांढरा बॉल टेबलावरच्या वरच्या स्पॉटवर (खुणेच्या ठिपक्यावर) आणि दुसरा खालच्या स्पॉटवर ठेवा. 8 फुटी टेबलावर मध्ये 44 इंच अंतर असतं. क्यू नेमाच्या रेषेला समांतर ठेवून एक टिपभर उजवी साइड द्या. क्यू होईल तितका आडवा धरा आणि जोरात मारा. हळू मारलंत किंवा बट उचललात तर बॉल वळण घेऊन परत येतो आणि क्यूचा दोष झाकला जातो. पांढरा बॉल समोरच्याला किती डावीकडे लागतो ते पाहा, मग मित्राच्या क्यूने तसंच करा. कार्बनने सरकणं कमी होईल, नाहीसं होणार नाही. आणि मध्यापासून 14 मिलिमीटरच्या पलीकडे गेलात तर कोणताही क्यू घसरणारच.

आता हाताचं. त्या ठोक्यात सर्वांत मोठा वाटा टिपचा असतो. दोन क्यूंची तुलना करायची तर दोन्हींवर एकाच जातीची, एकाच गोलाईची टिप हवी. एकावर मऊ कातडं आणि दुसऱ्यावर कडक थरांची टिप असेल, तर तुम्ही टिपांचीच तुलना करताय. तुमची टिप कडेने छत्रीसारखी पसरली आहे का? वर चकाकते का? तसं असेल तर मध्यम कडकपणाची, डुकराच्या कातड्याच्या थरांची टिप बसवून घ्या आणि महिनाभर खेळा. कार्बनचा पोकळ आवाज मात्र खरा आहे, तो टिपने जात नाही. मला स्वतःला तो आवडत नाही. चांगल्या मेपलचा ठोका बोटांना बातमी देतो, फटका भरला की अर्धवट गेला ते डोळ्यांआधी कळतं, आणि मी ती बातमी सोडायला तयार नाही. पण तुमचा मित्र सामने जिंकत असेल तर त्याला हे सांगायला जाऊ नका.

टिप बदलूनही साइड मारताना अंदाज बसला नाही तर पूर्ण क्यू घेऊ नका. तुमच्याच बटला बसेल असा हलक्या टोकाचा शाफ्ट घ्या. आधी शाफ्ट बटला जोडणाऱ्या पिनची, म्हणजे स्क्रूची, जात तपासा. 5/16 इंच जाडीच्या पिनमध्येही इंचाला 14 आणि 18 आट्यांच्या वेगळ्या येतात, एकीचा शाफ्ट दुसरीवर चढत नाही.

प्रश्न : स्नूकरचा अ‍ॅश लाकडाचा क्यू पूलला चालेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : खेळता येईल, ब्रेक (डावाचा पहिला जोराचा फटका) मात्र त्याने करू नका. त्याची टिप साडेनऊ-दहा मिलिमीटरची, स्नूकरच्या साडेबावन्न मिलिमीटरच्या बॉलसाठी. पूलचा बॉल 57चा आणि जड. टिप लवकर चेपते.

प्रश्न : पावसाळ्यात शाफ्ट चिकटतो आणि वाकल्यासारखा वाटतो. काय करावं?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा लाकडाला ओली ठेवते. क्यू भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. खेळून झालं की कोरड्या सुती कापडाने जोराने पुसा, शाफ्ट कोमट होईपर्यंत. सँडपेपर लावू नका; दर वेळी लाकूड झिजतं आणि शाफ्ट बारीक होत जातो. वाकला आहे का ते पाहायला आधी शाफ्ट एकटा टेबलावर लोळवा, मग क्यू जोडून लोळवा. एकटा सरळ आणि जोडल्यावर डुलणारा असेल तर खोट जॉइंटच्या, म्हणजे शाफ्ट-बटच्या जोडाच्या, तोंडात आहे, आणि ते तोंड लेथवर साफ करून मिळतं.