आधी कॉक्स, मग जनुकं

हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज बांधायला तू थेट न्यूरल नेटवर्ककडे धावतोयस, म्हणून हे लिहितोय. आधी फ्रॅमिंगहॅमचा हृदयविकार-अभ्यास वाच. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात ५,२०९ माणसांपासून अभ्यास सुरू झाला. त्यातून पुढे आलेले वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे साधे घटक आजही अंदाजाचा मोठा भार उचलतात. जनुकांचा स्कोअर (अनेक जनुकीय फरकांचा धोका जोडून काढलेला आकडा) त्यावर भर घालतो, पण बेताचीच.

आजार झाला की नाही एवढंच पाहणारं लॉजिस्टिक रिग्रेशन सोपं पडतं, कबूल. पण कोणी चौथ्या वर्षी अभ्यास सोडून गेला, त्याला 'निरोगी' धरणार का? म्हणून सांख्यिकीतज्ज्ञ डेव्हिड कॉक्सचं १९७२ चं मॉडेल शीक; ते आजार किती काळाने झाला हे पाहतं आणि मध्येच गेलेल्यांचा तोवरचा काळही धरतं.

आता खरी मेख. संपूर्ण डेटावर महत्त्वाची जनुकीय स्थानं निवडायची आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे भाग पाडून आळीपाळीने एकावर तपासणी, बाकीच्यांवर ट्रेनिंग) करायचं, ही चूक मीही केली आहे. आकडे असे झळकले की दोन दिवस हवेत होतो! पण तपासणीचा डेटा निवडीतच वापरला गेला होता. म्हणून निवडसुद्धा प्रत्येक फेरीत फक्त ट्रेनिंगच्या भागावरच कर.

एयूसीवर भाळू नकोस. मॉडेल जोखायचा हा आकडा फक्त क्रम पाहतो: आजारी पडलेल्याला निरोग्यापेक्षा जास्त धोका दाखवला का, एवढंच. 'दहा टक्के धोका' सांगितलेल्या शंभरांपैकी साधारण दहांनाच आजार झाला का, हे कॅलिब्रेशनच्या आलेखात दिसतं. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-डेटासंग्रहातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. तिथला स्कोअर पुण्यातल्या रुग्णांना जसाच्या तसा लावलास तर गडबड ठरलेली.

आणि जनुक-सिगारेट परस्परक्रिया तपासताना बेरजेच्या मापावर पाहतोयस की गुणाकाराच्या (दोन्ही धोके एकत्र आले की त्यांची बेरीज अपेक्षित धरतोयस की गुणाकार), ते आधी लिहून ठेव. उत्तर त्यावर बदलतं.