खाचेतलं पाणी

प्रश्न : औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो, तेव्हा तिथलं पाणी कुठे जातं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बरंचसं बाहेर पडतं. स्वारगेटला उतरणारे उतरल्याशिवाय बसमध्ये चढता येतं का? (पुण्यात तेही जमवतात म्हणा!) तेलकट खाचेत कोंडलेल्या पाण्याला पुरेसे हायड्रोजन बंध (शेजारच्या रेणूंशी जोडणारे हलके दुवे) मिळत नाहीत, ते सुटलं की पकड घट्ट होते. पण एखादा रेणू हटत नाही. एचआयव्हीच्या प्रोटीएजमध्ये (प्रथिनं कापणाऱ्या त्याच्या प्रथिनात) असाच एक पाण्याचा रेणू प्रथिनाच्या दोन झडपा आणि औषध यांना बांधून ठेवतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चक्रीय युरियांच्या (प्रोटीएजला रोखणाऱ्या, कड्यासारख्या रेणूंच्या) ऑक्सिजननं नेमकी त्याचीच जागा घेतली. मी मात्र संगणकावर रेणू बसवताना सगळं पाणी आधीच पुसलं होतं. आठवडा फुकट गेला.