एटीव्हीचं ऑईल चेक करताना

अरे टेन्शन नको घेऊस, सोप्पं आहे, फक्त घाई करू नकोस. एटीव्ही, म्हणजे ती जाड टायरची चारचाकी ऑफ-रोड गाडी, सपाट जागेवर लाव, इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद कर आणि ऑईल खाली उतरायला थोडा वेळ दे, मग डिपस्टिक (ऑईलची लेव्हल मोजायची पट्टी) काढून पुसून परत घाल आणि बघ. नवखे इथेच फसतात, कारण काही मॉडेलमध्ये ती आटे फिरवून पूर्ण बसवायची असते, काहींत नुसती टेकवायची, तुझ्या गाडीचं काय ते मॅन्युअलमध्ये बघ, अंदाजपंचे नको.

- लेव्हल डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मधे हवी. कमी असेल तर थोडं थोडं ओत, दरवेळी परत चेक कर.
- जास्त झालं तर काढच, नाहीतर ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरचा डबा) जातं.
- ऑईल दुधाळ दिसलं तर बहुतेक पाणी शिरलंय, इंजिन सुरूच करू नकोस.

ऑईलच्या ग्रेडबिडचं, म्हणजे किती पातळ-घट्ट ते, नंतर बोलू, सध्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच टाक.